कचऱ्याचे वार

मंगळवारी जळणारा. गुरुवारी प्लास्टिक.
दुसऱ्या शुक्रवारी काचा, पत्रे, मेलेले दिवे.
सहा नंबरच्या इमारतीची मी कचरा-प्रमुख, सव्वीस वर्षं.
पिशवी चुकली तर पुन्हा दारात नेऊन ठेवणारी
ती खाष्ट म्हातारी, मीच.

पाटी पाच भाषांत आहे.
स्पॅनिश मला येत नाही, पण अक्षरं मीच रंगवली,
बघून बघून, वेल काढावी तशी.

चौथ्या मजल्यावर ओसिएल कानाशिरो.
पणजोबा ओकिनावाहून बोटीनं पेरूला गेला ऊस तोडायला,
बाप उलट्या वाटेनं आला गिअरबॉक्सचे नट पिळायला,
हा इथलाच, या पाण्याच्या टाकीखाली रांगलेला.
तरी दर काही वर्षांनी खिडकीपुढे उभा राहतो,
अजून राहू का, विचारायला.

त्याचं नाव काताकानात लिहितात.
सरळ, टोकदार रेघा;
बाहेरून आलेल्या गोष्टींसाठी ठेवलेली लिपी.
पाव, बिअर, टायर, ओसिएल.

रात्री सायकलींच्या पत्र्याखाली ही पोरं जमतात.
एक एबेले असते, बाप नायजेरियाचा, आई पलीकडच्या गल्लीतली;
बस कितीही भरो, तिच्या शेजारची जागा रिकामी.
मुठीएवढा स्पीकर. धप्. धप्-धप्.
मी तक्रार घेऊन खाली उतरले, चपला वाजवत.

तो म्हणाला, ओनुकी-सान, बरं झालं, एक अडलंय.
आपल्या भाषेत क्रियापद शेवटच्या बाकावर बसतं,
सगळी वाक्यं एकाच दारातून बाहेर पडतात,
यमक कसं जुळवायचं?
मग?
मग मोडतो. क्रियापदाला रजा देतो,
नाम आणून बसवतो टोकाला.
आणि म्हणून दाखवलं:
झाकण, आवरण, मंगळवार, पत्रा,
माझीच पाटी, वरपासून खालपर्यंत,
माझ्याच खाकरण्यासकट.
हसू आलं. दाबलं.

ऑगस्टच्या मेळ्यात समितीनं त्यांना दहा मिनिटं दिली,
ढोल आणि सोडत यांच्या मधली.
काहीतरी आपलं करा, अध्यक्ष म्हणाले.
आपलं म्हणजे कुणाचं, हे कुणी विचारलं नाही.

ओसिएलनं बापाचा आवाज काढला.
बापाच्या जिभेला ‘त्सु’ येत नाही,
गावाचं नावच येत नाही म्हणजे:
हामामाचु, हामामाचु,
कामावरून सुटलो की घरी कुठे जाऊ,
हामामाचु.
लोक हसले. बाप सगळ्यांत जोरात.

माझ्या हातातला सोडतीचा डबा खाली गेला.

माझं नाव मित्सुयो.
आई हाक मारायची मिचुयो,
दार लावल्यावर, तेही हळू.
बाहेर नुसतं ‘ए’.
तिकिटाच्या खिडकीशी कागद पुढे करायची, गावाचं नाव लिहिलेला.
मासळीवाल्यापुढे मुकी.
बुसानची होती,
हे नवऱ्याला चाळीस वर्षांत सांगितलं नाही मी,
तो गेल्यावर फोटोलाही नाही.
आईच्या वस्तू मी वार पाळून टाकल्या:
कागद कागदात, कापड कापडात.
ती एक हाक कुठल्या वारी टाकायची
ते पाटीवर नव्हतं.

खाली चिठ्ठ्या उडत होत्या.
एबेले गोळा करायला वाकली,
म्हणाली, उन्हाचा त्रास होतोय का?
हो म्हणाले. ऊन नव्हतं.

गुरुवारी ओसिएल उशिरा आला,
बाटल्यांची झाकणं तशीच. पिशवी परत दिली.
नियम तो नियम.
कट्ट्यावर बसून एकेक फिरवत राहिला,
प्रत्येक झाकणाला एक अक्षर, पायानं ताल.
हा-मा-मा-
आणि थांबला, माझ्याकडे बघत,
झाकण अर्धं सैल.

रस्त्यात कोणी नाही ना, पाहिलं मी आधी.
मग म्हटलं.